पुराव्यासाठी चर्च सोडणारा अर्नेस्ट रेनां

रविवारचा धम्मवर्ग संपल्यावर चहा पिताना एका तरुणाने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. येशू ख्रिस्त नावाचा माणूस कधी झालाच नाही, असे त्यात छातीठोकपणे सांगितले होते. सगळे हसले, कुणीतरी टाळीही दिली. तेवढ्यात बारावीतल्या एका मुलीने विचारले, की सिद्धार्थाने म्हातारा, आजारी, प्रेत आणि परिव्राजक पाहून घर सोडले, याला पुरावा काय? हसणे तिथेच थांबले. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत या प्रसंगावर काय लिहिले आहे ते वाच, असे मी तिला सांगितले. घरी जाताना मात्र माझ्या डोक्यात एक फ्रेंच माणूस घोळत होता. पुरावा मागणे म्हणजे दुसऱ्याच्या धर्माची टर उडवणे नव्हे, आणि पुरावा मागणारा माणूस आपोआप सगळ्याच बाबतींत शहाणा होतो असेही नाही, या दोन्ही गोष्टी त्याच्या एकट्याच्या आयुष्यात दिसतात.

अर्नेस्ट रेनां हे त्याचे नाव. आपल्याकडे काही जण रेनन असेही लिहितात. २८ फेब्रुवारी १८२३ रोजी फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनी प्रांतातल्या त्रेगिए या लहानशा गावात तो जन्मला. मोठे कॅथीड्रल, त्याच्याभोवती मठ आणि पाद्र्यांचा वावर, असे ते गाव. बाप जहाजावरचा माणूस. अर्नेस्ट पाच वर्षांचा असताना तो समुद्रात बुडून मेला आणि मागे कर्ज ठेवून गेला. आईचे लहानसे किराणा दुकान होते. कर्ज फेडायचा भार पडला तो अर्नेस्टपेक्षा बारा वर्षांनी मोठ्या बहिणीवर, आंरिएतवर.

मुलगा हुशार, अंगाने किरकोळ, घर गरीब. अशा मुलाला शिकायचे तर एकच दार उघडे होते, पाद्री होण्याचे. पंधराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून तो पॅरिसला गेला आणि पाद्री घडवणाऱ्या एकामागून एक विद्यालयांतून पुढे सरकत १८४३ साली सँ-सुल्पिस या नामांकित सेमिनरीत पोचला. तोवर त्याची श्रद्धा खरी होती. चर्चविषयी त्याच्या मनात राग नव्हता, शिक्षकांबद्दल तर आयुष्यभर आदरच राहिला. म्हणूनच पुढे जे घडले ते समजून घेण्यासारखे आहे. त्याला कुणी छळले नव्हते, कुणी देवळाबाहेर उभे केले नव्हते. आपल्या पूर्वजांनी धर्म सोडला त्यामागे हजारो वर्षांचा अपमान होता. रेनांचे तसे नाही. त्याची श्रद्धा व्याकरणाच्या तासाला गेली.

सेमिनरीत त्याला हिब्रू शिकवली गेली, आणि शिकवणारा पाद्री स्वतः उत्तम भाषापंडित होता. हेतू असा, की भावी पाद्र्याला बायबलचा जुना करार मूळ भाषेत वाचता यावा. रेनांने तो वाचला, आणि वाचता वाचता अडखळला. यशयाचे म्हणून जे पुस्तक आहे त्याची भाषा आणि त्यातली परिस्थिती चाळिसाव्या अध्यायापासून बदलते. पहिला भाग ज्या काळातला, त्यानंतर दीडेकशे वर्षांनी घडलेल्या बाबिलोनच्या वनवासातल्या लोकांना उद्देशून पुढचा भाग बोलतो. एकाच माणसाने हे सगळे लिहिले असणे कठीण. दानीएलचे पुस्तक इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातले सांगितले जाते, पण त्यातले तपशील आणि भाषा पाहता ते इ.स.पू. १६५ च्या सुमाराचे ठरते. म्हणजे भविष्यवाणी म्हणून जे मिरवले गेले त्यातले बरेचसे घडून गेल्यावर लिहिलेले होते. मोशेने लिहिली असे मानलेल्या पाच पुस्तकांत खुद्द मोशेच्या मृत्यूचे वर्णन आहे.

बाहेरच्या माणसाला यात विशेष वाटणार नाही. लेखक एक असो की दोन, काय बिघडले? पण कॅथलिक चर्चची भूमिका सगळे किंवा काहीच नाही अशी होती. पवित्र ग्रंथात एक जरी चूक मान्य केली तरी त्याच्या आधारावर उभा असलेला चर्चचा अधिकार डळमळतो. रेनांने ही अट प्रामाणिकपणे घेतली. इथले माना, तिथले सोडा, प्रतीक म्हणून समजून घ्या, अशा पळवाटा त्याच्या काळीही होत्याच. त्याने त्या घेतल्या नाहीत. ६ ऑक्टोबर १८४५ रोजी, दीक्षा घेण्याआधीच, तो सँ-सुल्पिसच्या पायऱ्या उतरून बाहेर पडला. वय बावीस. नोकरी नाही, पदवी नाही, आणि मुलगा पाद्री होणार म्हणून आनंदात असलेली आई गावाकडे.

त्या वेळी त्याच्या पाठीशी आंरिएत उभी राहिली. घरचे कर्ज फेडण्यासाठी ती दूर पोलंडमध्ये एका सरदाराच्या घरी मुलांना शिकवत होती. लग्न तिने केले नाही. तिची स्वतःची श्रद्धा भावाच्या आधीच सुटली होती, पण त्याच्यावर तिने काही लादले नाही. निर्णय झाल्यावर तिने आपल्या साठवणीतले १२०० फ्रँक त्याला पाठवले, पुढच्या पोटापाण्याची घाई होऊ नये म्हणून. मोठ्या माणसांची चरित्रे वाचताना ही बाजू आपण झरझर ओलांडतो. पुस्तकात बुडालेल्या पुरुषाच्या विचारस्वातंत्र्याचे भाडे कुणीतरी बाई भरत असते. हे वाचताना आपल्याला रमाई आठवल्याशिवाय राहत नाही.

पुढची काही वर्षे त्याने एका खासगी वसतिगृहाच्या शाळेत राहून-खाऊन मुलांवर देखरेख करण्याचे काम केले. तिथे मार्सलँ बेर्तलो या अठरा वर्षांच्या मुलाशी मैत्री झाली. तो पुढे फ्रान्समधला मोठा रसायनशास्त्रज्ञ झाला आणि ही मैत्री मरेपर्यंत टिकली. रेनां पॅरिसच्या कोलेज द फ्रांसमध्ये युजेन ब्युर्नुफ यांच्या व्याख्यानांना जाऊ लागला. इथे आपला थेट संबंध येतो. नेपाळहून ब्रायन हॉजसनने पाठवलेल्या संस्कृत हस्तलिखितांवरून ब्युर्नुफ यांनी १८४४ साली भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासाचा प्रास्ताविक ग्रंथ प्रसिद्ध केला. युरोपात बौद्ध धम्माचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू झाला तो तिथून. सद्धर्मपुंडरीक सूत्राचे फ्रेंच भाषांतरही त्यांचेच. रेनांने 'विज्ञानाचे भवितव्य' हे आपले तरुणपणीचे पुस्तक ब्युर्नुफ यांना अर्पण केले. बुद्धाचा धम्म ज्या काटेकोरपणे ब्युर्नुफ हस्तलिखितांतून उलगडत होते, तोच काटेकोरपणा रेनांने येशूच्या इतिहासाला लावला.

१८६० साली तिसऱ्या नेपोलियनने त्याला उत्खननासाठी लेबनॉनच्या किनाऱ्यावर, प्राचीन फिनिशियाच्या प्रदेशात पाठवले. बहीण सोबत होती, हिशेब तीच ठेवायची. १८६१ च्या वसंतात त्याने पॅलेस्टाईन पाहिले. गालीलचे तळे, टेकड्या, वाटा हे सगळे पाहून त्याच्या मनात पुस्तक तयार झाले. लेबनॉनच्या डोंगरात गझीर इथे राहून त्याने येशूच्या चरित्राचा पहिला खर्डा लिहिला आणि आंरिएत तो उतरवून काढू लागली. जवळ ग्रंथ मोजकेच होते. सप्टेंबरमध्ये अम्शीत या गावी दोघांना एकाच वेळी हिवतापाने गाठले. रेनां बेशुद्ध पडला होता. तो शुद्धीवर आला तेव्हा आंरिएत राहिली नव्हती. २४ सप्टेंबर १८६१. तिला तिथेच, एका स्थानिक कुटुंबाच्या दफनभूमीत पुरले. पुस्तक त्याने तिच्या स्मृतीला अर्पण केले.

परतल्यावर जानेवारी १८६२ मध्ये कोलेज द फ्रांसमध्ये हिब्रूचा प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली. २२ फेब्रुवारीला पहिले व्याख्यान. सभागृह गच्च भरलेले, बाजूचे आणि विरोधातले दोन्ही गट तयारीने आलेले. बोलता बोलता त्याने येशूला अतुलनीय माणूस म्हटले. स्तुतीच होती ती, पण माणूस हा शब्द पुरेसा ठरला. चार दिवसांत व्याख्याने बंद करण्यात आली. तो घरी शिकवू लागला. जून १८६३ मध्ये 'येशूचे चरित्र' बाहेर आले आणि सहा महिन्यांत त्याच्या सुमारे ६० हजार प्रती खपल्या. चर्चने पुस्तक निषिद्ध यादीत टाकले, बिशपांनी पत्रके काढली, प्रवचने झाली. १८६४ मध्ये सरकारने त्याचे प्राध्यापकपद काढून घेतले आणि बदल्यात राष्ट्रीय ग्रंथालयात नोकरी देऊ केली. ती त्याने नाकारली. त्याच वर्षी त्याने टीपा आणि पांडित्य काढून टाकलेली स्वस्त आवृत्ती काढली, गरिबांना परवडावी म्हणून.

आता मूळ वादाकडे येऊ, कारण व्हिडिओवाले नेमके इथेच घसरतात. येशूविषयी आपल्याकडे काय आहे? सगळ्यात जुनी कागदपत्रे म्हणजे पौलाची पत्रे, इसवी सन ५० नंतरच्या दशकातली. पौल येशूला हयातीत भेटलेला नव्हता, पण येशूच्या भावाला, याकोबाला, भेटल्याचे तो लिहितो. मग चार शुभवर्तमाने. मार्कचे इ.स. ७० च्या आसपासचे, मत्तय आणि लूक त्यानंतरचे, योहानचे सर्वांत उशिराचे. चारही ग्रीक भाषेत, आणि येशू बोलायचा अरामी. ख्रिस्तेतर पुरावा थोडका आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिणाऱ्या जोसेफस या यहुदी इतिहासकाराच्या ग्रंथात येशूचा उल्लेख आहे, पण त्या उताऱ्यात नंतरच्या ख्रिस्ती लेखनिकांनी भर घातली हे बहुतेक अभ्यासक मानतात. रोमन इतिहासकार टॅसिटस दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लिहितो, की पिलाताच्या कारकिर्दीत ख्रिस्ताला मृत्युदंड झाला.

एवढ्या सामग्रीतून काय सिद्ध होते? जर्मनीत डाविड स्ट्राउसने १८३५ मध्ये चमत्कारांच्या कथा म्हणजे जुन्या भविष्यवाण्यांतून श्रद्धाळू समाजाने रचलेल्या पुराणकथा आहेत, अशी मांडणी केली. त्याची नोकरी गेली. १८३९ मध्ये झुरिकने त्याला प्राध्यापक नेमले, तर लोक इतके खवळले की एकही तास न घेता त्याला निवृत्तिवेतन देऊन मोकळे करावे लागले, आणि त्याच वर्षी तिथले सरकारही कोसळले. रेनां स्ट्राउसचे बरेचसे मान्य करतो, पण कथा रचली म्हणून तिच्यामागचा माणूस खोटा ठरत नाही, असे तो म्हणतो. त्याची रीत एका उदाहरणावरून पाहा. मत्तयानुसार येशूचा जन्म हेरोद राजाच्या हयातीत झाला. हेरोद इ.स.पू. ४ मध्ये मेला. लूक म्हणतो, क्विरीनिय सीरियाचा सुभेदार असताना जनगणना झाली, म्हणून नासरेथचे आईबाप बेथलेहेमला गेले. ती जनगणना इ.स. ६ मधली. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. मग बेथलेहेम आले कुठून? दाविदाच्या गावी मसीहा जन्मेल, या जुन्या अपेक्षेतून. रेनां सरळ लिहून टाकतो, की येशू नासरेथचा. पण याच गोंधळातून दुसरी गोष्टही कळते. निव्वळ काल्पनिक माणूस रचायचा असता तर त्याला थेट बेथलेहेमचाच केला असता. नासरेथसारख्या नाव नसलेल्या खेड्याची अडचण कुणी ओढवून घेतली नसती. हा युक्तिवाद आज अभ्यासक नेहमी वापरतात. येशू झालाच नाही, ही भूमिका विद्यापीठांतल्या इतिहासकारांत फार थोड्यांची आहे.

पुस्तकात दोषही आहेत आणि ते लहान नाहीत. जिथे पुरावा संपतो तिथे रेनां कल्पनेने रंग भरतो. गालीलची फुले, हसरा कोमल उपदेशक, भोळे कोळी. अल्बर्ट श्वाइट्झरने १९०६ मध्ये या गोडव्यावर कठोर टीका केली आणि ती रास्त होती. लाजर मेलेल्यातून उठला, या प्रसंगाबद्दल पहिल्या आवृत्त्यांत रेनांने असे सुचवले होते, की जवळच्या लोकांनी तो बनाव रचला असावा. याला पुरावा शून्य. चमत्कार नाकारताना त्याने स्वतःच एक कथा रचली. मात्र टीका झाल्यावर तो हट्टाला पेटला नाही. १८६७ च्या तेराव्या आवृत्तीत त्याने मजकूर दुरुस्त केला, चौथ्या शुभवर्तमानाबद्दलचे मत बदलले आणि त्याची कारणे परिशिष्टात दिली. आपल्या चळवळीत पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत स्वतःची चूक मान्य करणारे लेखक किती आहेत, हे मी इथे मोजत बसत नाही.

येथवर हा माणूस आवडतो. पण त्याची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. १८५५ च्या सेमिटिक भाषांवरच्या ग्रंथात त्याने भाषेवरून वंश आणि वंशावरून बुद्धी ठरवली, आणि सेमिटिक लोकांना आर्यांपेक्षा कमी लेखले. जन्माने आणि वागण्याने यहुदी असलेल्या येशूला तो यहुदी धर्मापासून तोडून दाखवत राहिला, आणि याचा फायदा पुढे यहुदीद्वेष्ट्यांनी घेतला. १८७१ मध्ये, फ्रान्सच्या पराभवानंतर, त्याने जगातल्या माणसांची कामे निसर्गानेच वाटून दिली आहेत असे लिहिले. चिनी कारागिरीसाठी, आफ्रिकी शेतात राबण्यासाठी, युरोपीय राज्य करण्यासाठी आणि लढण्यासाठी. हे वाचून आपल्याला वेगळे भाष्य लागत नाही. हे चातुर्वर्ण्यच आहे, फक्त पुरुषसूक्ताच्या जागी वंशशास्त्र ठेवलेले. एमे सेझेरने वसाहतवादावरच्या आपल्या पुस्तकात रेनांचे नेमके हेच विचार वेशीवर टांगले. १८८३ मध्ये इस्लाम आणि विज्ञानावरच्या व्याख्यानात त्याने मुस्लिम समाजाबद्दल सरसकट विधाने केली, तेव्हा जमालुद्दीन अफगाणी यांनी पॅरिसच्याच वृत्तपत्रात त्याला उत्तर दिले.

दानीएलच्या पुस्तकाची तारीख ठरवायला ज्याने एकेक शब्द तपासला, त्याच माणसाने कोट्यवधी माणसांबद्दल तपासणी न करताच निकाल दिला. समाजशास्त्राचा अभ्यास करताना मला याचे सतत आश्चर्य वाटत आले. चिकित्सा शिकलेला माणूस ती आपल्या सोयीच्या सीमेवर थांबवतो. ग्रंथाला पुरावा मागतो, पण जात किंवा वंश त्याला दिसणाऱ्या वस्तूसारखा स्वयंसिद्ध वाटतो.

आणि तरीही, ११ मार्च १८८२ रोजी सोर्बोनमध्ये राष्ट्र म्हणजे काय यावर बोलताना याच रेनांने वंश, भाषा, धर्म, भूगोल हे सगळे आधार एकेक करून बाजूला काढले आणि एकत्र राहण्याची इच्छा व सामायिक स्मृती यांवर राष्ट्र उभे केले. पुढच्याच वर्षी यहुदी हा एक शुद्ध वंश नाही, असेही त्याने सांगितले. बाबासाहेबांनी १९४० मधल्या पाकिस्तानवरच्या ग्रंथात राष्ट्राची चर्चा करताना रेनांचा आधार घेतला तो याच व्याख्यानाचा. त्यातले उपयोगाचे तेवढे उचलले, माणूस डोक्यावर घेतला नाही.

बाबासाहेबांनी दुसऱ्या एका ठिकाणी, 'अस्पृश्य मूळचे कोण' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, असा सवाल टाकला आहे, की ब्राह्मण विद्वानांनी एकही व्हॉल्तेअर का जन्माला घातला नाही. व्हॉल्तेअर कॅथलिक संस्कारांत वाढला आणि चर्चवरच उलटला. रेनांही त्याच परंपरेतला, पाद्र्यांच्याच शाळेत तयार झालेला. आपल्याकडे अवतारकथांची चिरफाड १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त केली ती शूद्र मानल्या गेलेल्या जोतीरावांनी, आणि राम-कृष्णांच्या कथांना प्रश्न विचारले ते बाबासाहेबांनी. त्या प्रश्नांचा खंड सरकारने १९८७ मध्ये छापला तेव्हा महाराष्ट्रात काय रण माजले ते आपल्या आईवडिलांना विचारा.

आपण मात्र रेनांचा आरसा नेहमी दुसऱ्याकडेच धरतो. बुद्धाच्या बाबतीतही हा खटला चालला आहे. एमिल सेनार या फ्रेंच विद्वानाने १८७० च्या दशकात बुद्धचरित्रातल्या कथा म्हणजे सूर्यपुराण आहे, अशी मांडणी केली होती. मग डिसेंबर १८९६ मध्ये नेपाळच्या तराईत अशोकाचा स्तंभलेख सापडला. शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले, असे त्यावर ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. हा लेखही बुद्धानंतर शतके उलटल्यावरचा आहे हे लक्षात ठेवा, पण त्याने शाक्यांच्या भूमीतला एक खरा माणूस आकाशातून पुन्हा जमिनीवर आणला. तो माणूस खरा, म्हणून त्याच्याभोवतीची प्रत्येक कथा खरी होत नाही. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत सिद्धार्थाला म्हातारपण आणि मरण दिसलेच नसेल हे बुद्धीला पटत नाही, असे बाबासाहेबांनी श्रद्धेच्याच ग्रंथात लिहिले, आणि गृहत्यागामागे रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा ठेवला. रेनांने जे परक्या झालेल्या चर्चसोबत केले ते बाबासाहेबांनी स्वतः स्वीकारलेल्या धम्मासोबत केले. हे जास्त अवघड आहे.

रेनांचे पुढचे आयुष्य मानसन्मानाचे गेले. साम्राज्य कोसळल्यावर १८७० मध्ये त्याला त्याची खुर्ची परत मिळाली, १८७८ मध्ये फ्रेंच अकादमीत निवड झाली, १८८३ पासून तो कोलेज द फ्रांसचा प्रमुख होता. ख्रिस्ती धर्माच्या उगमाचा सात खंडांचा इतिहास त्याने १८८२ पर्यंत पूर्ण केला. मरणाच्या दारात मेंदू दुबळा झाल्यावर आपण काही वेगळे बोललो तर ते आपले मानू नये, असे त्याने आठवणींच्या पुस्तकात आधीच नोंदवून ठेवले होते. २ ऑक्टोबर १८९२ रोजी तो वारला.

१९०३ मध्ये त्रेगिएच्या चौकात, थेट कॅथीड्रलच्या समोर, त्याचा पुतळा बसवला. थकलेला, बसलेला रेनां आणि त्याच्या मागे बुद्धीची ग्रीक देवता अथेना. उद्घाटनाला पंतप्रधान एमिल कोंब आले. लोक इतके चिडलेले होते की सैन्याचा बंदोबस्त लावावा लागला. पुढच्याच वर्षी कॅथलिकांनी वर्गणी काढून त्याच गावात, प्रायश्चित्त म्हणून, दगडी क्रूस उभारला. दोन्ही स्मारके अजून तिथे आहेत. आंरिएतचे थडगे लेबनॉनमध्ये, अम्शीतला आहे.